राजकीय नेत्याची नक्कल कशी बांधावी: डेना कार्व्ही यांच्या कामावरून काही धडे

राजकीय नेत्याची नक्कल करू पाहणारे बहुतेक नवे कलाकार आवाजापासून सुरुवात करतात आणि बऱ्याचदा तिथेच थांबतात. आवाज जुळला की पहिल्या वाक्याला टाळी मिळते. परंतु दूरचित्रवाणीवरील प्रहसन काही मिनिटे चालते आणि तेवढ्यात प्रेक्षकाच्या कानाला तो आवाज सवयीचा होतो. उरलेला वेळ कशाच्या बळावर निभवायचा, हे समजून घ्यायचे असेल तर अमेरिकेतील ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या कार्यक्रमात १९८६ ते १९९३ या काळात काम केलेल्या डेना कार्व्ही यांच्या नकला बारकाईने पाहाव्यात.

प्रथम त्या व्यक्तीची वृत्ती ठरवावी. राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश (थोरले) हे नकलाकारासाठी अवघड गिऱ्हाईक होते, कारण सभ्य, मोजके बोलणाऱ्या या गृहस्थाकडे चटकन पकडता येईल असे फारसे काही नव्हते. कार्व्ही यांनी त्यावर काढलेला तोडगा त्यांनी स्वतःच पुढे अनेकदा सांगितला आहे: मुलांच्या कार्यक्रमातील मृदुभाषी मिस्टर रॉजर्स घ्यावेत, त्यांत पाश्चिमात्य चित्रपटांतील रांगडा नायक जॉन वेन मिसळावा, की बुश तयार होतात. हा सराव कोणालाही करता येतो. आपण निवडलेल्या नेत्यात कोणत्या दोन ओळखीच्या प्रवृत्ती एकत्र नांदतात, उदाहरणार्थ शिस्तप्रिय मुख्याध्यापक आणि रंगात आलेला कीर्तनकार, हे एका वाक्यात लिहून काढावे. ते वाक्य सुचत नसेल तर नक्कल अजून तयार झालेली नाही, असे समजायला हरकत नाही.

त्यानंतर लकबींकडे वळावे. त्या व्यक्तीची चित्रफीत एकदा आवाज बंद करून पाहावी आणि एकदा डोळे मिटून ऐकावी. पहिल्या वेळी हातवारे, मान आणि उभे राहण्याची ढब टिपावी, दुसऱ्या वेळी हेल, श्वास घेण्याच्या जागा आणि अर्धवट सोडलेली वाक्ये. या टिपणांतून दोन किंवा तीनच लकबी ठेवाव्यात आणि बाकीच्या निर्धाराने टाकून द्याव्यात. ठेवलेल्या लकबी मात्र प्रयोगागणिक वाढवत न्याव्यात. कार्व्ही यांच्या बुशचे हातवारे वर्षानुवर्षे मोठे होत गेले, वाक्ये तुटक होत गेली, आणि अखेरीस प्रेक्षकांना खऱ्या बुश यांच्या भाषणातही कार्व्हीच दिसू लागले.

याच कार्यक्रमाच्या पहिल्या पर्वात, १९७५-७६ मध्ये, चेव्ही चेस यांनी तर राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांचा आवाजही काढला नाही आणि त्यांच्यासारखी रंगभूषाही केली नाही. ते केवळ अडखळत आणि धडपडत राहिले. फोर्ड जून १९७५ मध्ये ऑस्ट्रियात विमानाच्या पायऱ्या उतरताना घसरले होते, तेवढे भांडवल त्यांना पुरले. वास्तविक फोर्ड हे मिशिगन विद्यापीठाच्या फुटबॉल संघातील नावाजलेले खेळाडू, परंतु वेंधळेपणाची ती प्रतिमा त्यांना कायमची चिकटली. माझ्या मते हा त्यांच्यावर अन्यायच होता, आणि म्हणूनच लकब निवडताना ती त्या माणसाला किती काळ चिकटू शकते याचाही विचार करावा.

संहिता हा नकलेचा दुर्लक्षित भाग आहे. नेत्याची गाजलेली वाक्ये पुन्हा म्हणून दाखवण्यापेक्षा त्याने कधीही न उच्चारलेले, तरीही त्याच्याच तोंडी शोभणारे वाक्य रचावे. २००० सालच्या निवडणुकीवरील वादविवादाच्या प्रहसनात विल फेरेल यांनी धाकट्या बुश यांच्या तोंडी ‘स्ट्रॅटेजी’ऐवजी ‘स्ट्रॅटेजरी’ हा मोडका शब्द घातला. तो जिम डाउनी या लेखकाने रचलेला होता, तरी पुष्कळांना तो बुश यांचाच वाटला. त्याच प्रहसनात डॅरेल हॅमंड यांनी बुश यांचे प्रतिस्पर्धी अल गोर यांचा ‘लॉकबॉक्स’ (कुलूपबंद पेटी) हा शब्द इतक्यांदा आणि इतक्या संथपणे घोळवला, की गोर यांच्या सल्लागारांनी पुढील वादविवादापूर्वी त्यांना ते प्रहसन मुद्दाम पाहायला लावले.

तयारीचा वेग हीदेखील शिकण्याची बाब आहे. या कार्यक्रमात सोमवारी कल्पना मांडल्या जातात, मंगळवारी रात्रभर लेखन होते, बुधवारी सामूहिक वाचन होते आणि शनिवारी प्रेक्षकांसमोर रंगीत तालीम झाल्यावर काही प्रहसने गाळून रात्री साडेअकराला थेट प्रक्षेपण होते. शेवटच्या तासातही संवाद बदलत असल्यामुळे कलाकार फलकांवर लिहिलेले वाचून बोलतात. म्हणून पाठांतरावर विसंबणारी नक्कल येथे टिकत नाही. समोर आलेले कोणतेही वाक्य त्या व्यक्तीच्या ढंगात म्हणता येईल, इतकी ती अंगवळणी पडलेली असावी लागते. वर्तमानपत्रातील हवामानाचा अंदाज किंवा पाककृती नेत्याच्या आवाजात मोठ्याने वाचणे, हा यासाठी उत्तम सराव आहे.

१९९२ ची निवडणूक हरल्यावर बुश यांनी डिसेंबरमध्ये कार्व्ही यांना व्हाइट हाउसमध्ये बोलावले आणि खिन्न झालेल्या कर्मचाऱ्यांसमोर आपलीच नक्कल करवून घेतली. लकबींची थट्टा करावी, दुखण्यांची करू नये, एवढे पथ्य पाळले तर असे संबंध टिकू शकतात.

नेते पायउतार होतात आणि त्यांच्या नकलाही जुन्या होतात. यासाठी स्वतः निर्माण केलेली पात्रे हाताशी असावीत; कार्व्ही यांच्याजवळ ‘चर्च लेडी’ ही नाक मुरडणारी धर्मपरायण बाई होती. प्रक्षेपणाची वेळही पारखून घ्यावी. १९९६ मध्ये एबीसी वाहिनीने त्यांना मंगळवारी रात्री साडेनऊला, एका कौटुंबिक मालिकेच्या पाठोपाठ, स्वतंत्र कार्यक्रम दिला. पहिल्याच भागात राष्ट्राध्यक्ष क्लिंटन कुत्र्याच्या पिलांना अंगावर पाजत असल्याचे दाखवले गेले. मध्यरात्रीच्या प्रेक्षकांना ते चालले असते. येथे सात भाग दाखवून कार्यक्रम बंद झाला, जरी स्टीव्ह कॅरेल आणि स्टीफन कोल्बेअर यांच्यासारखे पुढे गाजलेले कलाकार त्यात होते. जुन्या टिपणवह्या मात्र टाकू नयेत: २०२४ मध्ये, सत्तरीच्या उंबरठ्यावर, कार्व्ही त्याच रंगमंचावर जो बायडेन यांची भूमिका घेऊन परतले.