व्हर्च्युअल टूरची नियंत्रणं: आधी दिशा, मग बटणं

पॅनोरामा टूरची, म्हणजे ३६० अंशांच्या चित्रांतून फिरवणाऱ्या टूरची, नियंत्रणं आखायला बसलं की हात आधी आयकॉनकडे जातो. सुरुवात दिशेपासून करा. एका सीनमधून, म्हणजे एका पॅनोरामातून, दुसऱ्यात गेल्यावर आपलं तोंड कुठे आहे आणि आपण आलो कुठून, हे बघणाऱ्याला कळलंच नाही, तर सुबक बटणांचा काही उपयोग नाही.

त्यासाठी प्रत्येक पॅनोरामाची एक नोंद ठेवा: चित्राची मध्यरेषा उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने किती अंशांवर आहे. सीन बदलताना हिशोब सोपा आहे. आडवा कोन म्हणजे बघणारा मध्यरेषेपासून उजवीकडे किती अंश वळला आहे ते. नवा आडवा कोन म्हणजे जुना आडवा कोन, अधिक जुन्या सीनची नोंद, वजा नव्या सीनची नोंद. समजा बघणारा ४० अंशांवर आहे, जुनी नोंद ९० आणि नवी २००. उत्तर उणे ७० येतं. नवा सीन तिथूनच उघडायचा. उत्तर १८० च्या पुढे किंवा उणे १८० च्या खाली गेलं, तर ३६० वजा करा किंवा मिळवा.

इथे नेहमी होणारी चूक म्हणजे प्रत्येक सीनला एकच ठरावीक सुरुवातीचं दृश्य देणं. मग दारातून आत शिरलेल्या माणसाला समोर पुन्हा तेच दार दिसतं. ठरावीक दृश्य फक्त पहिल्या सीनसाठी, जिन्यासाठी आणि नकाशावरून थेट मारलेल्या उडीसाठी ठेवावं. नोंदी बरोबर आहेत का, हे तपासायची हमखास रीत आहे: पहिल्या सीनमधून दुसऱ्याकडे जाणारा बाण आणि दुसऱ्यातून पहिल्याकडे येणारा बाण यांच्या उत्तरेपासूनच्या कोनांत १८० अंशांचा फरक हवा. पाच-सात अंशांपलीकडे चूक दिसली, तर एखादी नोंद किंवा बाणाची जागा चुकली आहे.

पुढे जाण्याचे हॉटस्पॉट, म्हणजे दाबल्यावर दुसऱ्या सीनमध्ये नेणाऱ्या खुणा, हवेत तरंगत ठेवू नका, जमिनीवर टेकवा. कॅमेरा दीड मीटर उंचीवर असेल, तर ३ मीटरवरच्या जागेचा उभा कोन (क्षितिजापासून वर किंवा खाली) साधारण उणे २७ अंश, ५ मीटरवर उणे १७ आणि १० मीटरवर उणे ८.५ येतो. सूत्र एवढंच: उंची भागिले अंतर, त्याचा व्यस्त टॅन्जन्ट. लांबचे बिंदू क्षितिजाजवळ एकमेकांवर चढतात, म्हणून एका दिशेतला सगळ्यांत जवळचा तेवढा दाखवावा. भिंतीपलीकडचा हॉटस्पॉट तर मुळीच दाखवू नये.

आता ओढण्याबद्दल. बोटाखालचा बिंदू बोटासोबतच सरकला पाहिजे. त्यासाठी एका पिक्सेलला किती अंश फिरायचं, हे आडवा दृश्यकोन (पडद्यावर एका वेळी आडवे किती अंश दिसतात ते) भागिले पडद्याची रुंदी असं दर वेळी नव्याने काढा. हा आकडा कायमचा ठरवून टाकला, की झूम केल्यावर चित्र सुसाट पळतं. पाच-सहा पिक्सेलपेक्षा कमी हालचाल म्हणजे टॅप, त्याहून जास्त म्हणजे ओढणं. ही मर्यादा नसेल, तर फिरवता फिरवता नको तो हॉटस्पॉट दाबला जातो. उभा कोन अधिक-उणे ८५ अंशांवर अडवा, नाहीतर डोक्यावर आणि पायाखाली चित्र गरगरतं. बटण दाबून धरल्यावरचा वेग सेकंदाला ४५ ते ६० अंश पुरे. तो फ्रेमवर नव्हे, वेळेवर मोजा. १२० हर्ट्झच्या पडद्यावर फ्रेमवर मोजलेला वेग ६० हर्ट्झच्या दुप्पट होतो.

दृश्यकोनाचा घोळ उभ्या धरलेल्या फोनवर उघड होतो. ९ बाय १६ च्या पडद्यावर आडवा दृश्यकोन १०० अंश ठेवला, तर उभा दृश्यकोन जवळपास १३० होतो आणि कडा ताणल्या जातात. म्हणून उभ्या पडद्यावर उभा दृश्यकोन ७५ च्या आसपास बांधून घ्या. आडवा मग साधारण ४७ येतो. झूमची मर्यादा चित्रावरून ठरते. ८१९२ पिक्सेल रुंदीच्या पॅनोरामात अंशाला सुमारे २३ पिक्सेल मिळतात, त्यामुळे १९२० पिक्सेल रुंदीच्या पडद्यावर आडवा दृश्यकोन ४० अंशांखाली गेला की चित्र दुपटीहून जास्त ताणलं जातं आणि धूसरपणाच वाढतो.

टूर लांब पानात बसवली असेल, तर माउसचं चाक झूमला देऊ नका. पान खाली सरकवणारा तिथेच अडकतो. चित्रावर क्लिक झाल्यावरच चाक ताब्यात घ्यावं. फोनवरही पान सरकवायला बाजूला मोकळी जागा सोडा.

ओढणं न जमणाऱ्यांसाठी डावी-उजवी, वर-खाली आणि झूमची बटणं हवीतच, डब्ल्यूसीएजी २.२ मध्येही (वेब सर्वांना वापरता यावं यासाठीच्या निकषांत) ओढण्याला पर्याय मागितला आहे. त्यातली बटणाच्या आकाराची किमान मर्यादा २४ बाय २४ सीएसएस पिक्सेल आहे, पण अंगठ्यासाठी ४४ च धरा. बटणामागे अर्धपारदर्शक गडद पट्टी द्या, कारण पांढरा आयकॉन उजळ खिडकीवर दिसेनासा होतो. कीबोर्डवर बाण, अधिक, उणे आणि हॉटस्पॉटांवर टॅबने जाण्याची सोय ठेवा. आपोआप फिरणारा पॅनोरामा पहिल्या स्पर्शाला थांबला पाहिजे, आणि उपकरणात कमी हालचालीची निवड केलेली असेल तर सुरूच होऊ नये.

फोन हलवून बघण्याची सोय देताना आयफोनवर एक अट असते: आयओएस १३ पासून सेन्सरची परवानगी बटणाच्या टॅपमधूनच मागावी लागते, आणि पान एचटीटीपीएसवर हवं. पान उघडताच मागितलेली परवानगी नाकारली जाते. टूर आयफ्रेममध्ये (दुसऱ्या पानात बसवलेल्या चौकटीत) असेल, तर तिथेही जायरोस्कोप, ॲक्सेलरोमीटर आणि फुलस्क्रीनला मुभा द्या. फुलस्क्रीन उपलब्ध आहे का, हे ब्राउझरला विचारून, नसेल तर ते बटण दाखवूच नका.