एचटीटीपीत बदल सुचवायचा असेल तर

मला एकदा एचटीटीपीत, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात त्यांत, नवा स्टेटस कोड (सर्व्हरच्या उत्तराचा तीन आकडी क्रमांक) हवा होता. आमच्या सर्व्हरकडची रांग भरली की क्लायंटला (ब्राउझरसारख्या मागणी करणाऱ्या प्रोग्रामला) 'थोडं थांबून ये' असं सांगणारा. मसुदा लिहायला बसले आणि दुसऱ्याच पानावर कळलं, की 429 (फार मागण्या आल्या) किंवा 503 (सेवा सध्या उपलब्ध नाही) या कोडसोबत रिट्राय-आफ्टर हेडर (किती वेळानं परत यायचं ते सांगणारी ओळ) पाठवला की हेच काम होतं. म्हणून आधी आरएफसी 9110, म्हणजे एचटीटीपीचे नियम सांगणारा मानक दस्तऐवज, वाचा. कंटाळा आला तरी वाचा.

मग सर्वांत लहान दार शोधा. नवा हेडर नोंदवायला सगळ्यांना वाचता येईल असं स्पेसिफिकेशन आणि आयानाच्या (इंटरनेटवरची नावं-क्रमांक नोंदवणाऱ्या संस्थेच्या) तज्ज्ञाचा होकार लागतो. नवी मेथड (गेट, पोस्टसारखा मागणीचा प्रकार) किंवा स्टेटस कोड मात्र आयईटीएफच्या, म्हणजे इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या संघटनेच्या, पूर्ण परीक्षणातून जातो. हेडरनं भागत असेल तर हेडरच घ्या. नावाआधी 'एक्स-' लावू नका. तात्पुरती म्हणून आलेली नावं रुजतात आणि मग जुनं-नवं दोन्ही सांभाळावं लागतं. 2012 च्या आरएफसी 6648 नं ती पद्धत बंद केली ती याचसाठी.

आता खरा प्रश्न: तुमचा बदल ज्याला ठाऊकच नाही, तो जुना क्लायंट काय करेल? 4 नं सुरू होणारा अनोळखी कोड (4xx) आला तर त्याला 400 (चुकीची मागणी) समजायचं, असा नियम आहे. म्हणून 451 हा नंतर आलेला कोड जुन्या ब्राउझरलाही पचला. तुमच्या मसुद्यात याचं उत्तर पहिल्या पानावर हवं. मी कुणाचाही मसुदा उघडला की आधी तेच शोधते.

451 ची वाटचाल जरूर बघा. कायदेशीर कारणानं मजकूर रोखलाय, हे सांगणारा हा कोड टिम ब्रे यांनी 2012 मध्ये मांडला. आरएफसी 7725 झाला फेब्रुवारी 2016 मध्ये. सुरुवातीला आयईटीएफच्या एचटीटीपी वर्किंग ग्रुपचे अध्यक्षच साशंक होते. पण साइट्स तो प्रत्यक्ष वापरू लागल्या, आणि चर्चेचं पारडं फिरलं.

मसुदा डेटाट्रॅकर या आयईटीएफच्या संकेतस्थळावर कुणीही चढवू शकतं. सभासदत्व नाही, फी नाही. नाव 'ड्राफ्ट-आडनाव-विषय-00' अशा धर्तीचं. सुरक्षेचा भाग लिहावाच लागतो, आणि तो दोन ओळींत उरकलात तर पहिला आक्षेप तिथंच येईल. सहा महिन्यांत मसुदा कालबाह्य होतो. तेवढ्यात निदान एक सर्व्हर आणि एक क्लायंट चालवून दाखवा, जमल्यास वेगवेगळ्या माणसांनी लिहिलेले. दोघांनी एकच वाक्य वेगळं वाचलं असेल, तर ते वाक्य -01 मध्ये, म्हणजे मसुद्याच्या पुढच्या आवृत्तीत, बदला.