खिडकी बसवताना टेप खालून वर लावत जा

आमच्या बेळगाव-खानापूरकडं पाऊस वाऱ्यासंगट आडवाच मारतोय, त्यामुळं पश्चिमेकडच्या खिडकीला नुसतं सिलिकॉन फासून भागत नाही बघा. पहिल्यांदाच बसवत असाल तर फ्रेम उचलायच्या आधी खालच्या कट्ट्यावर तांब्याभर पाणी ओता, बाहेर पळालं तर उतार बरोबर, आत आलं किंवा थांबलं तर सिमेंटनं परत उतार काढून घ्या. मग वॉटरप्रूफ ब्युटाइल टेप (रबरासारखी चिकट पट्टी) आधी खाली, नंतर दोन्ही बाजूंना खालच्या टेपवर चढवून आणि सगळ्यात शेवटी वर, म्हणजे कौलं कशी खालून वर एकावर एक चढवत नेतो अगदी तसंच, उलटं केलं की पाणी नेमकं जोडात शिरतंय. सिलिकॉन कोरड्या, धूळ पुसलेल्या भिंतीवरच धरतं, त्यामुळं हे काम पावसाळ्याआधीच उरका.

आणि खालच्या ट्रॅकला, म्हणजे खिडकी सरकते त्या खाचेला, पाणी निघून जायला बाहेरून बारीक भोकं असतात ती कृपा करून बुजवू नका! आमच्या घरी कामगारानं ती सिलिकॉननं भरली होती, पहिल्याच मोठ्या पावसात ट्रॅक तुडुंब भरून पाणी आतल्या भिंतीवरनं खाली, प्लास्टर फुगलं. शेवटी टाचणीनं एकेक भोक मोकळं केलं.