'मोबी डिक' अस्तित्ववादाच्या अंगाने कशी वाचायची

एका पांढऱ्या देवमाशाचा सूड घ्यायला निघालेल्या कॅप्टनची ही हर्मन मेल्विलची कादंबरी १८५१ची, फ्रेंच अस्तित्ववादी तत्त्वज्ञ सार्त्रचा 'बीइंग अँड नथिंगनेस' हा ग्रंथ १९४३चा. तेव्हा मेल्विलला अस्तित्ववादी ठरवायच्या भानगडीत पडू नका. माणूस काय निवडतो आणि त्या निवडीची जबाबदारी घेतो का, हे सार्त्रचे प्रश्न घेऊन कादंबरीकडे जायचंय, इतकंच.

आधी गोष्ट म्हणून एकदा वाचून काढा. १३५ प्रकरणं आहेत, देवमाशांच्या वर्गीकरणाचं ३२वं पहिल्या खेपेला गाळलंत तरी चालेल. 'आधी तत्त्वज्ञान पचवा, मग कादंबरी' हा सल्ला साफ चुकीचा. सार्त्रचं १९४५चं अस्तित्ववाद आणि मानवतावादावरचं व्याख्यान तेवढं वाचा. ते एका बैठकीत होतं.

दुसऱ्या वाचनाला पेन्सिल घ्या आणि फक्त निर्णयांवर खुणा करा. पांढरा देवमासा कशाचं प्रतीक, हा प्रश्न तूर्त बंद. ९९व्या प्रकरणात डोलकाठीवर ठोकलेल्या सोन्याच्या नाण्यात जो तो आपापला अर्थ पाहतो. प्रतीकांबद्दल तेवढं पुरे.

आता खरी अडचण: कॅप्टन एहॅब. त्याला 'स्वतःचं नशीब घडवणारा स्वतंत्र बंडखोर' म्हणून टाळ्या देणारे लेख ढिगाने सापडतील. मीही बराच काळ त्याच्या भाषणांना भुलून होतो. तो बोलतोच तसा, सूर्याने अपमान केला तर सूर्यावरही वार करीन म्हणणारा. म्हणून भाषणं बाजूला ठेवा आणि तीन प्रकरणं सलग वाचा: १२८, १३२, १३४.

१२८मध्ये 'रेचेल' जहाजाचा कप्तान आपला हरवलेला मुलगा शोधायला मदत मागतो. एहॅब सरळ नाही म्हणतो. इथे ना दैव आडवं येतं, ना वादळ. नकार त्याचा एकट्याचा. १३२मध्ये तो विरघळतो, चाळीस वर्षांच्या समुद्रवासाचा हिशेब मांडतो. त्याची बायको, मुलगा, घर सगळं डोळ्यांपुढे आहे आणि जहाज वळवणं हातात आहे. तिथेच तो विचारतो, हा हात मी उचलतोय, देव उचलतोय, की आणखी कोणी? आणि १३४मध्ये उत्तर देऊन मोकळा होतो: हे सगळं आधीच ठरलंय, मी नियतीच्या हुकमाचा ताबेदार.

सार्त्र ज्याला आत्मवंचना म्हणतो ती हीच. माणूस स्वतः निवड करतो आणि मग निवड नव्हतीच असं स्वतःलाच पटवतो. १२८मधला नकार लक्षात ठेवल्याशिवाय १३४मधली पळवाट दिसत नाही, म्हणून क्रम मोडू नका. आणि लगेच एहॅबला खोटारडा म्हणून निकालातही काढू नका. खोटारड्याला खरं काय ते ठाऊक असतं. इथे फसवणारा आणि फसणारा एकच आहे.

मग स्टारबक, जहाजावरचा एहॅबचा मुख्य सहायक. १२३व्या प्रकरणात झोपलेल्या एहॅबच्या दाराशी तो भरलेली बंदूक हातात घेऊन उभा असतो. देवाला विचारतो, याला मारून जहाज वाचवू का? उत्तर येत नाही. तो बंदूक जागेवर ठेवतो. त्याला भित्रा म्हणणं सोपं आहे. सार्त्रच्या व्याख्यानातला विद्यार्थी आठवा, आईजवळ राहू की लढायला जाऊ म्हणून सल्ला मागणारा. सल्ला कुणाला विचारायचा हेही आपणच निवडतो. स्टारबकने तर असा सल्लागार निवडला जो बोलत नाही. न मारणंही त्याचीच कृती, आणि तिची किंमत जवळजवळ सगळं जहाज मोजतं.

गोष्ट सांगणाऱ्या खलाशाला, इश्माएलला, शेवटी घ्या. ४९व्या प्रकरणात, सगळं विश्व म्हणजे एक थट्टा आहे असं वाटू लागल्यावर तो मृत्युपत्र करतो आणि हलका होऊन कामाला लागतो. फ्रेंच लेखक कामूने जगण्याच्या निरर्थकतेवरच्या 'द मिथ ऑफ सिसिफस' या पुस्तकात या कादंबरीचं नाव का घेतलं, ते इथे कळतं. ४७वंही सोडू नका. चटई विणताना योगायोग, इच्छा आणि अपरिहार्यता एकमेकांत गुंफलेल्या त्याला दिसतात. सार्त्रला हे फारसं मानवलं नसतं. तिथे समासात प्रश्नचिन्ह काढा आणि मेल्विलला त्याचं म्हणणं मांडू द्या. ओढूनताणून सार्त्रच्या मापात बसवू नका.