मराठी शब्दांतली अक्षरं ढवळताना

पहिलं आणि शेवटचं अक्षर जागेवर ठेवून मधली ढवळणारी स्क्रिप्ट (छोटा प्रोग्राम) पायथन या प्रोग्रामिंग भाषेत पाच-सहा ओळींत होते. पण मराठी शब्द थेट लिस्टमध्ये (पायथनच्या यादीत) टाकू नका. 'सुरुवातीला' या शब्दात आपल्याला 5 अक्षरं दिसतात, पायथनला 10! काने, वेलांट्या, उकार सगळे सुटे मोजले जातात आणि भलत्याच अक्षराला जाऊन चिकटतात. त्यासाठी 'रेजेक्स' (regex) हे मॉड्यूल, म्हणजे तयार कोडचा संच, वेगळं इन्स्टॉल करून बॅकस्लॅश-कॅपिटल एक्स (\X) या पॅटर्नने अक्षरागणिक तुकडे पाडा. पायथनसोबत येणाऱ्या 'आरई' (re) मॉड्यूलला तो पॅटर्न कळत नाही. तुकडा हलन्तावर संपला तर पुढच्याला जोडा, म्हणजे जोडाक्षर शाबूत राहतं. मग 'सुवारुतीला' असं वाचता येण्याजोगं काही मिळतं. आणि हो, 'रँडम' (random) मॉड्यूलमधलं 'शफल' (shuffle) हे ढवळणारं फंक्शन मूळ लिस्टच बदलतं, परत काहीच देत नाही. त्याचं उत्तर व्हेरिएबलमध्ये घेऊ नका.