काळवीट हाकायला हेलिकॉप्टर? आधी या चुका टाळा

ऑक्टोबर 2025 मध्ये मध्य प्रदेशातल्या शाजापूर भागात हेलिकॉप्टरने हाकून शेकडो काळविटं आणि नीलगायी पकडल्या आणि दुसरीकडे नेऊन सोडल्या. दक्षिण आफ्रिकेतली ही ‘बोमा’ पद्धत. नरसाळ्यासारखं निमुळतं होत जाणारं कुंपण उभं करायचं आणि वरून कळप हळूहळू आत लोटायचा. सोलापूरजवळच्या नान्नज-मार्डीकडे कोवळी ज्वारी एका रात्रीत फस्त झालेला शेतकरी ते व्हिडिओ बघून “आपल्याकडं पण आणा की” म्हणणारच. आणायला हरकत नाही, पण हे काम वाटतं त्यापेक्षा जास्त जिवावरचं आहे.

अमेरिकेत 1937 ते 2000 या काळात कामावर असताना दगावलेल्या 91 वन्यजीव कर्मचाऱ्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा सुमारे दोन तृतीयांश मृत्यू विमान-हेलिकॉप्टरच्या अपघातांतले निघाले. लोक भितात जनावराला, घात होतो उड्डाणात.

तारा न बघता उडणं

सगळ्यात मोठी चूक हीच. सोलापूरकरांना उड्डाणातला अडथळा म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. विमानतळाजवळच्या सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी 15 जून 2023 ला पाडली, ती याच कारणासाठी. पण चिमणी निदान दिसते तरी. तार दिसत नाही. 31 डिसेंबर 2013 ला सुरू झालेली रायचूर-सोलापूर 765 केव्ही ही उच्च दाबाची वीज लाइन घ्या. टॉवर लांबून दिसतात, पण सगळ्यात वरून जाणारी, विजेच्या कडकडाटापासून लाइन वाचवणारी बारीक तार म्हणजे अर्थवायर उन्हात आकाशात विरघळून जाते. म्हणून अनुभवी पायलट तारा शोधत बसत नाही, तो टॉवर आणि खांब शोधतो. ओलांडायचीच वेळ आली तर टॉवरच्या डोक्यावरून ओलांडतो, दोन टॉवरच्या मधून नाही.

मोठ्या लाइन निदान नकाशात सापडतात. खरा धोका शिवारातल्या तारांचा. बोअरवरच्या मोटारीला नेलेली, मध्येच झोळ पडलेली, बांबूचा टेकू दिलेली तार कुठल्या नकाशात असणार? त्यासाठी आदल्या दिवशी गावचा वायरमन आणि दोन शेतकरी बरोबर घेऊन पायलटने सगळा पट्टा जमिनीवरून फिरून बघावा. हे काम कंटाळवाणं आहे, म्हणूनच ते टाळलं जातं.

“थोडं अजून खाली घ्या”

हे वाक्य बहुतेक वेळा पायलटचं नसतं, मागे बसलेल्याचं असतं. कळपातलं एक काळवीट फुटतं, सगळ्यांचे डोळे त्याच्यावर खिळतात, वळण आवळत जातं, वेग पडतो आणि वारा कधी पाठीमागून यायला लागला ते कुणाच्या लक्षातही येत नाही. उडण्याआधीच ठरवून टाका : फुटलेलं जनावर सोडून द्यायचं. फार पळवलेलं काळवीट स्नायू निकामी होऊन नंतर मरतं, त्यामुळे पाठलागात तसाही फायदा नाही. आणि कामाशिवायचा एकही माणूस आत नको, मग तो कितीही मोठा साहेब असो. जे बसतील त्यांनी तार दिसली की “तार, दोन वाजता” असं ओरडायचं, म्हणजे नाकासमोर बारा धरून घड्याळात दोन असतात त्या बाजूला. लाजायचं नाही.

इंजिन आहे म्हणून निर्धास्त राहणं

इंजिन बंद पडलं तरी हेलिकॉप्टर खालून येणाऱ्या हवेवर पाती फिरती ठेवून उतरू शकतं. मात्र त्यासाठी हातात उंची तरी हवी, नाहीतर वेग तरी. हाकताना दोन्ही नसतात. शाजापूरला वापरलेल्या आर-44 सारख्या हलक्या यंत्राची पातीही हलकी, फेरे झपाट्यानं घटतात आणि पायलटला एक-दोन सेकंदच मिळतात. फेरे कमी झाल्याचा भोंगा वाजला की हात आपोआप वर ओढायला जातो. करायचं उलटं : कलेक्टिव्ह (यंत्र वर-खाली नेणारा दांडा) खाली, थ्रॉटल (इंजिनची ताकद) वाढव. स्वतःच्याच खाली ढकललेल्या हवेत यंत्र बसायला लागलं, तर नाक पुढे करून वेग घ्यायचा. तेवढी जागा खाली शिल्लक नसेल, तर उपाय माहीत असून उपयोग काय?

त्यात आपलं ऊन. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण 480 मीटर उंचीवर, मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर. हवा विरळ, उचल कमी. तेव्हा हंगाम थंडीचा, वेळ सकाळची आणि टाकीत इंधन लागेल तेवढंच, राखीव धरून.

उतरल्यावरची घाई

गावात हेलिकॉप्टर उतरलं की पोरं धावणारच, म्हणून आधीच माणसं उभी करा. टोपी, उपरणं, कुंपणाचं सुटं कापड हे सगळं वाऱ्यानं उडून पात्यात जातं. नांगरट केलेल्या रानात उतरू नका, धुरळ्यात पायलटला जमीनच दिसत नाही. मागचा छोटा पंखा फिरताना दिसत नाही, त्या बाजूला कुणीच फिरकायचं नाही. यंत्र उतारावर असेल तर वरच्या अंगानं जाऊ नका, तिकडे पाती जमिनीच्या जवळ येतात. खालच्या अंगानं, पायलटला दिसेल असं, आणि त्यानं हात केल्यावरच पुढे व्हा.