कोर्टात क्लार्क व्हायचंय? मग एवढं आधीच जमवून ठेवा

मावशीचा मुलगा अमळनेरहून दर रविवारी फोन करतो, दादा कोर्टाची भरती निघाली तर काय काय तयार ठेवू. दरवेळी तेच सांगून कंटाळलो म्हणून एकदाच लिहून टाकतो, मी स्वतः खान्देशातल्याच एका तालुका कोर्टात कनिष्ठ लिपिक आहे.

आधी टायपिंग, पुस्तकं नंतर. मिनिटाला मराठी 30 आणि इंग्रजी 40 शब्दांचं सर्टिफिकेट लागतं, पण सर्टिफिकेट फाइलीत असणं वेगळं अन्‌ घड्याळ सुरू झाल्यावर बोटं चालणं वेगळं. मी सराव पेपरातल्या बातम्यांवर केला होता आणि टेस्टमध्ये उतारा आला कोर्टाच्या भाषेतला, 'दरखास्तदार', 'ऋणको', 'कार्यवाही', रफार शोधता शोधता निम्मा वेळ गेला अन्‌ पहिल्या खेपेला घरी बसलो. म्हणून निकालपत्रातलेच उतारे घ्या, ई-कोर्टच्या साइटवर फुकट मिळतात. लघुलेखन म्हणजे शॉर्टहँड जमत असेल तर सोडू नका, स्टेनोला मिनिटाला मराठी 80 आणि इंग्रजी 100 शब्द लागतात, कठीण आहे पण आपल्याकडे ते शिकणारी पोरं मला तरी फार दिसत नाहीत.

कागदपत्रांचं जास्त सांगत नाही, डिग्री, जातीचा दाखला, नॉन क्रिमिलेयर, डोमिसाईल, संगणकाचं सर्टिफिकेट, लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र, दोन प्रतिष्ठित माणसांचे चारित्र्याचे दाखले. नावाचं स्पेलिंग सगळीकडे एकच आहे ना ते आजच बघा, भरती निघाल्यावर सेतूत उभं राहून काही होत नाही.

आता खरं काम. एक दिवस सुट्टी काढून जळगाव नाहीतर धुळ्याच्या कोर्टात मागच्या बाकावर जाऊन बसा, कोणी हाकलत नाही. बोर्ड, म्हणजे त्या दिवसाच्या केसेसची यादी, कसा लागतो, पुकारा कसा होतो, न्यायाधीशांसमोर बसणारा बेंच क्लार्क फाइल कशी पुढे सरकवतो ते बघा. प्रत्येक तारखेला काय झालं ते रोजनाम्यात जातं, कोण हजर, कोणता अर्ज आला, पुढची तारीख काय, आणि वरच्या कोर्टात तोच रोजनामा वाचतात, आपल्याकडून अगदी हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत. प्रत्येक कागदाला निशाणी नंबर असतो. वकील नुसतं 'पाचवर ऑर्डर झाली का' विचारतात, म्हणजे निशाणी 5, तात्पुरत्या मनाईचा अर्ज. मी पहिल्या आठवड्यात 5 तारखेचा बोर्ड शोधत बसलो होतो, सगळे हसले. नाझर (पैशांचा हिशोब बघणारा), बेलिफ (समन्स बजावणारा), मुद्देमाल (जप्त वस्तू) अन्‌ नक्कल विभाग, कोण काय करतं तेही समजून घ्या. आणि 1 जुलै 2024 पासून सीआरपीसीच्या, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) आलंय, गाईड जुनं असेल तर रद्दीत टाका.

टेबलासमोर येणारी म्हातारी सीएनआर नंबर, म्हणजे केसचा संगणकातला नंबर, सांगत नाही, ती विचारते 'दादा, मनी तारीख कवय शे?', म्हणजे माझी तारीख कधी आहे. अहिराणी येत असेल तर लाजू नका, नंदुरबारकडे जाणार असाल तर भिली-पावरीचे चार शब्दही शिकून घ्या.

आणि हो, न्यायाधीशच व्हायचं म्हणून क्लार्कीतून सुरुवात करणार असाल तर आधी विचार करा. सुप्रीम कोर्टाने 20 मे 2025 ला दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेला 3 वर्षं वकिलीची अट परत आणली, आणि आपली लिपिकाची खुर्ची म्हणजे वकिली नव्हे. आपल्याकडे वर जायची वाट वरिष्ठ लिपिक, सहायक अधीक्षक, अधीक्षक अशी. प्रशिक्षणात रस असेल तर तीही बाजू आहे, न्यायाधीशांसाठी देशपातळीवर भोपाळला राष्ट्रीय न्यायिक अकादमी, आपल्या राज्याची भाईंदरजवळ उत्तनला, तिथे कधीमधी कर्मचाऱ्यांचेही वर्ग असतात. नाव आलं तर दादरला उतरून भाईंदरची लोकल धरा, आणि आपल्या कोरड्या उन्हाच्या हिशोबाने कपडे घेऊ नका, तिथे समुद्र जवळ आहे, दोन शर्ट जास्तीचे टाका.